शाळेतली तक्रार आधी कुठे न्यायची? : वाचकांचे प्रश्न

शाळेत मुलांशी होणाऱ्या गैरवर्तनाबद्दल यवतमाळ, अमरावती, वाशीम, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. मुलाची, कुटुंबाची किंवा शाळेची ओळख पटेल असा मजकूर काढला आहे. लैंगिक गुन्ह्यातल्या मुलाची ओळख उघड करणं हाच पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम २३ खाली गुन्हा आहे. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुलीचं नाव टाकणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं.

प्रश्न : माही नात पाचवीत हाय. महिनाभरापासून शाळेचं नाव काढलं का रडते. लय इचारलं तवा बोलली, का सर वही तपासाले जवळ बसवते अन् नको तिथं हात लावते. गावातले चार लोक मनते, पोरीची बदनामी होईन, सरपंचाच्या घरी बसून मिटवून घ्या, सर माफी मागाले तयार हाय. कपड्यावरूनच हात लावला, म्हून पोलीस केस होत नाही असंबी मनते. काय करावं? – एक आजी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : आजी, बैठकीला जाऊ नका. पोलीस ठाण्यात जा किंवा घरून ११२ नाहीतर १०९८ वर फोन करा. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे, तो रात्रीही चालतो.

कपड्यावरून हात लावला तर गुन्हा होत नाही, हे साफ चूक आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका प्रकरणात तसा अर्थ लावला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. कातडीचा कातडीला स्पर्श झाला की नाही याला महत्त्व नाही, स्पर्शामागचा हेतू पाहायचा, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. आणि असा स्पर्श करणारा शाळेचा कर्मचारी असेल तर कायदा तो साध्या गुन्ह्यापेक्षा वरचा धरतो. बाहेरच्या माणसाला पोक्सोच्या कलम ८ खाली ३ ते ५ वर्षं होतात, शाळेच्या माणसाला कलम १० खाली ५ ते ७ वर्षं कैद आहे. अत्याचार त्याहून गंभीर असेल तर कलम ६ लागतं, तिथे शिक्षा २० वर्षांपासूनच सुरू होते.

मिटवण्याचं म्हणाल तर तो अधिकार सरपंचालाही नाही आणि तुमच्या मुलाला-सुनेलाही नाही. राजस्थानातल्या एका शिक्षकाच्या प्रकरणात मुलीच्या वडिलांनी स्टँप पेपरवर तडजोड लिहून दिली आणि उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि खटला पुढे चालवायला लावला. हा गुन्हा समाजाविरुद्धचा आहे, दोन घरांतला वाद नाही, हे त्यामागचं कारण. उलट, ज्या चार लोकांना हे कळलं आहे त्यांच्यावरच कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवण्याची जबाबदारी येते. कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पुढच्या वेळी कोणी मिटवायला आलं तर एवढं सांगा.

ठाण्यात काय होईल ते आधीच माहीत असू द्या. नातीला ठाण्यात नेलंच पाहिजे असं नाही. तिचा जबाब घरी किंवा ती म्हणेल त्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. जबाबाच्या वेळी आई-वडील किंवा मुलीचा ज्याच्यावर विश्वास आहे असं माणूस जवळ बसू शकतं. तिचा तुमच्यावर जीव असेल तर तुम्हीच बसा. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही, आणि ते सर समोर येणार नाहीत याची काळजी पोलिसांनीच घ्यायची आहे. लिहिलेला जबाब वाचून दाखवायला सांगा. पोरीने वापरलेला शब्द बदलून साहेबांनी पुस्तकी शब्द घातला असेल तर तिचाच शब्द लिहायला लावा, कारण पुढे कोर्टात ती तोच शब्द बोलणार आहे. एफआयआरची नक्कल फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. पुढे न्यायाधीशांसमोर एक जबाब होतो आणि पोलिसांनी २४ तासांत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला कळवायचं असतं. समिती मुलीसाठी मदतीला एक व्यक्ती देते, ती ठाण्यापासून कोर्टापर्यंत सोबत राहते. हे आपोआप होत नसेल तर समितीकडे लेखी मागा.

आता घरातलं. नातीला परत परत विचारू नका. "सांग, अजून काय केलं?" असं दहा जणांनी विचारलं की पोर घाबरून उत्तरं बदलतं, आणि वकील नेमकं तेच पकडतो. ती एकदा जे बोलली ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून, कोणाकडून तरी वहीत लिहून ठेवा. "आधी का नाही सांगितलं" हे वाक्य घरात उच्चारू नका. तुम्ही सांगितलेल्या प्रकाराला महिना झाला आहे, त्यामुळे कपड्यांचा प्रश्न उरत नाही. पण घटना ताजी असेल तर मुलाला आंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत. कपडे ओले असतील तर सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत दमट राहून बुरशी येते आणि नमुना वाया जातो. दवाखाना आधी पोलिसांचं पत्र मागू शकत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या नसतील तर वेळ न घालवता ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावं.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. सहावीतल्या मुलीने सहकारी शिक्षकाबद्दल मला सांगितलं. मुख्याध्यापक म्हणतात, आधी शाळेची समिती चौकशी करेल, मग केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. परस्पर पोलिसांत गेलात तर वर्तणूक नियमांचा भंग होईल. खरं आहे का? – अमरावती जिल्हा

उत्तर : नाही. कलम १९ ची जबाबदारी तुमच्यावर व्यक्ती म्हणून आहे, तिला 'योग्य मार्गाने' ची अट नाही. सद्भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, हे त्याच कलमात लिहिलं आहे. गुन्हा सिद्ध होईल की नाही हे तुम्ही ठरवायचं नाही. असं घडलं असावं अशी शंका असली तरी कळवायचं आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड आहे. तुमच्या मुख्याध्यापकांना हे शांतपणे, शक्य तर लेखी सांगा.

हा कायदा कागदावरच राहतो असं समजू नका. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या वसतिगृहाच्या प्रकरणात मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहिती असून कळवलं नाही असा आरोप होता. नागपूर खंडपीठाने त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं नमूद केलं.

शाळेची चौकशी आधी केल्याने नेमकं काय बिघडतं ते सांगतो, कारण बहुतेक प्रकरणं इथेच पांगळी होतात. समिती मुलीला बोलावते, पाच मोठी माणसं समोर बसतात, त्यांतली दोन त्या शिक्षकाच्या रोजच्या डब्याची सोबती असतात. मुलगी अर्धंच बोलते. तिचं ते अर्धं बोलणं समितीच्या इतिवृत्तात सहीसकट जातं आणि पुढे बचाव पक्षाचा पहिला पुरावा होतं. तोवर शिक्षकाला सगळं कळलेलं असतं, फोनमधले संदेश पुसले जातात, घरच्यांवर नातेवाइकांकडून दबाव येतो. शाळेत सीसीटीव्ही असेल तर साठवण भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, कित्येक ठिकाणी पंधरा-वीस दिवसांतच. त्यामुळे तक्रारीसोबत त्याच दिवशी 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचं चित्रण जपून ठेवावं' असं पत्र मुख्याध्यापकांना द्या, पोच घ्या आणि नक्कल पोलिसांना जोडा.

तक्रारीत एवढंच लिहा: मुलीने कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे, कोणासमोर सांगितलं, तिचे शब्द जसेच्या तसे, तुम्ही त्यावर काय केलं. तुमचं मत, त्या शिक्षकाचा जुना इतिहास, गावात काय बोललं जातं, हे घालू नका.

खात्याची कारवाई पोलीस तपासासोबतच चालते, एकीसाठी दुसरी थांबत नाही. शिक्षक ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला तर तो निलंबित मानला जातो. खासगी अनुदानित शाळेत मात्र एक खाच आहे. तिथे १९८१ ची सेवाशर्ती नियमावली लागते, आणि बडतर्फीपूर्वी तीन सदस्यांची रीतसर चौकशी समिती, आरोपपत्र आणि बाजू मांडायची संधी बंधनकारक आहे. लोकांच्या संतापापुढे वाकून संस्था एका रात्रीत 'काढून टाकलं' असं पत्र देते, आणि शाळा न्यायाधिकरण तेच पत्र नियमबाह्य म्हणून रद्द करतं. माणूस थकीत पगारासह पुन्हा त्याच शाळेत येतो. म्हणून आधी निलंबन करावं, मग नियमाप्रमाणे चौकशी.

प्रश्न : ठाणेदार म्हणतात, "अर्ज देऊन जा, चौकशी करून बघू." आमच्या हद्दीत येत नाही असंही म्हणतात. – वणी परिसर

उत्तर : हद्दीचं कारण चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, तो योग्य ठाण्याकडे पाठवणं हे पोलिसांचं काम. नोंदवत नसतील तर त्याच दिवशी हकीकत लिहून जिल्हा पोलीस अधीक्षकांना पोच-पावतीच्या टपालाने पाठवा आणि पावती जपा. तरीही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. गुन्हा न नोंदवणारा पोलीसही पोक्सोच्या कलम २१ मध्येच येतो, हे अधीक्षकांच्या पत्रात लिहा. वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. महिला आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातच विधी सेवा समिती असते, फोन १५१००.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी रुजू झालो. शाळा सुटल्यावर नवोदयचा जादा वर्ग घेतो. कधी उशीर झाला तर मुलींना गाडीवर घरी सोडतो, रात्री शंका विचारतात तर व्हॉट्सअॅपवर उत्तर देतो. एका ज्येष्ठ सरांनी हे थांबवायला सांगितलं. माझ्या मनात काही नाही. मग चूक काय? – गडचिरोली जिल्हा

उत्तर : तुमच्या मनात काही नाही हे आम्ही मानतो. पण मर्यादा पाळायच्या त्या तुमच्या मनाकडे पाहून नाही. ज्याच्या मनात वाईट असतं तो माणूसही हेच करतो: जादा वेळ, गाडीवरची लिफ्ट, रात्रीचे संदेश, एखाद्याच मुलीला पेन किंवा रिचार्ज, आणि शेवटी "हे कोणाला सांगू नको". चांगल्या शिक्षकांनी या गोष्टी रोजच्या करून टाकल्या की गावाला आणि मुलांना धोका ओळखता येईनासा होतो. तुमचे ज्येष्ठ सर बरोबर सांगत आहेत.

जादा वर्ग बंद करू नका. आमच्या भागात त्यावाचून मुलं नवोदय किंवा शिष्यवृत्तीपर्यंत पोचत नाहीत. तो शाळेतच घ्या, तुमच्या खोलीवर कधीच नाही. व्हरांड्यात किंवा दार-खिडक्या उघड्या असलेल्या वर्गात घ्या, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांच्या सह्यांची यादी ठेवा, वेळ सूर्यास्ताच्या आत संपवा. रोज एक पालक आळीपाळीने येऊन बसेल अशी पाळी लावा. शेतीच्या हंगामात पालक येत नाहीत, तेव्हा बचत गटातल्या बाईंना किंवा अंगणवाडीच्या मदतनीस ताईंना विचारा. पैसे घेऊ नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकांना खासगी शिकवणी मना आहे.

गाडीचं म्हणाल तर एकट्या मुलीला किंवा मुलाला बसवायचं नाही. पाऊस लागला, एसटी आली नाही, तर पालकाला फोन करून ते येईपर्यंत दोन मोठ्या माणसांनी शाळेत थांबायचं. मूल आजारी असेल तर १०८ ला फोन आणि सोबत आशाताई. खरंच दुसरा इलाज उरला नाही तर आणखी एक मोठं माणूस सोबत घ्या, निघताना पालकांना सांगा आणि वेळ शाळेच्या नोंदवहीत लिहा.

मोबाइलवर मुलांचा नाही, पालकांचा ग्रुप करा, त्यात मुख्याध्यापक किंवा एक शिक्षिका असू द्या. आपोआप पुसले जाणारे संदेश बंद ठेवा. मुलाचा खासगी संदेश आला तर "उद्या वर्गात विचार" एवढं एकच उत्तर. संदेशात मूल काही त्रासाचं सांगत असेल तर तो पुसू नका, ताबडतोब कलम १९ प्रमाणे चाला. मुलाचं आक्षेपार्ह छायाचित्र कोणी पाठवलं तर 'पुरावा' म्हणून इतर शिक्षकांना पुढे पाठवू नका, ते पाठवणंच गुन्हा आहे. फोन तसाच पोलिसांना दाखवा.

कबड्डी किंवा कवायत शिकवताना हात लावावा लागतो. मैदानावर, सगळ्यांसमोर, "आता खांदा धरून दाखवतो" असं आधी सांगून. मूल मागे सरकलं तर हात लावायचा नाही, दुसऱ्या मुलाकडून दाखवायचं. गणवेशाची मापं मुलींची बायांनीच घ्यावीत. हे सगळं मुलग्यांच्या बाबतीतही तितकंच लागू आहे. पोक्सो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, आणि मुलांवरच्या अत्याचाराकडे गावात 'मस्करी' म्हणून पाहिलं जातं ही फार वाईट गोष्ट आहे.

प्रश्न : मुलगी शासकीय आश्रमशाळेत आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरी आल्यावर तिनं आईला कोरकूत सांगितलं. घटना जूनमधली आहे. इतक्या दिवसांनी कोण ऐकणार? तिला मराठीत नीट सांगताही येत नाही. – मेळघाट

उत्तर : निवासी शाळेतली मुलं सुट्टीत घरी आल्यावरच बोलतात. उशीर का झाला याचं हे कारण न्यायालयांना समजतं, फक्त ते तक्रारीत लिहा: कधी घरी आली, कधी सांगितलं. तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतच नाही.

भाषेचा हक्क कायद्यात आहे. जबाब घेताना दुभाषी देणं पोलिसांवर बंधनकारक आहे, पण तो त्याच आश्रमशाळेतला कर्मचारी नसावा असा आग्रह धरा. आरोपी अनुसूचित जाती किंवा जमातीचा नसेल तर अॅट्रॉसिटी कायदाही लावायला सांगा. मग तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो, अटकपूर्व जामीन मिळणं अवघड होतं आणि १९९५ च्या नियमांप्रमाणे टप्प्याटप्प्याने अर्थसाहाय्य मिळतं. जातीचा दाखला लगेच जोडा. तो नसल्यामुळे कलम लागत नाही आणि पुढे महिने जातात.

पोलिसांनंतर दुसरी तक्रार धारणीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे, नक्कल अमरावतीच्या अपर आयुक्तांकडे. मुलीची टीसी काढू नका. हलवायचं असेल तर त्या माणसाला हलवतील; तिला दुसरी शाळा हवी असेल तर ती प्रकल्पाने मिळवून द्यावी, असं लेखी मागा.

प्रश्न : मुलगी बारावीत आहे, १८ पूर्ण झाली. प्रात्यक्षिकाचे गुण देणारे सर 'भेटायला ये' म्हणतात. पोक्सो लागेल का? – वाशीम जिल्हा

उत्तर : पोक्सो १८ वर्षांखालीच. हे संदेश १८ पूर्ण व्हायच्या आधीपासून येत असतील तर त्या काळासाठी तो लागतो, म्हणून जुने संदेश तारखेसह जपा. पुढच्या काळासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ७५, आणि पाठलाग किंवा सतत संपर्क असेल तर ७८. अधिकाराच्या जागेचा गैरवापर करून संबंधाला भाग पाडणाऱ्यासाठी कलम ६८ आहे, ५ ते १० वर्षं. त्यात मुलीची 'तयारी होती' म्हणून सुटका नाही. याशिवाय दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या संस्थेत २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असते. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करा, समितीने ९० दिवसांत चौकशी संपवायची आहे. प्रात्यक्षिक दुसऱ्या परीक्षकाकडून घ्यावं ही मागणी त्याच अर्जात करा, गुणांची भीती राहणार नाही.

प्रश्न : छडीने मारणंही या कायद्यात येतं का?

उत्तर : पोक्सोत नाही. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारणं आणि मानसिक छळ, दोन्ही मना आहेत. उन्हात उभं करणं, जातीवरून बोलणं, उठाबशा, सगळं त्यात आलं. खात्याकडे तक्रार करा. जखम असेल तर दवाखान्याचा कागद घेऊन पोलिसांत, तिथे बाल न्याय कायद्याचं कलम ७५ लावता येतं.

प्रश्न : आमच्या शाळेत तक्रारपेटी आहे, पण तीन वर्षांत एक चिठ्ठी नाही. म्हणजे सगळं ठीक आहे ना? – शाळा व्यवस्थापन समिती सदस्य

उत्तर : पेटी कुठे टांगली आहे ते आधी पाहा. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे असेल आणि किल्ली त्यांच्याच खिशात असेल, तर मूल चिठ्ठी टाकणार नाही. ती पाण्याच्या टाकीजवळ किंवा जिन्याखाली, मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर लावा. ठरलेल्या दिवशी दर आठवड्याला मुख्याध्यापक, एक महिला पालक आणि पोलीस पाटील अशा तिघांसमोर उघडा, चिठ्ठी नसली तरी वहीत 'निरंक' लिहून सह्या करा. बदलापूरच्या प्रकरणानंतर ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने तक्रारपेटी, सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) यांवर भर दिला आहे. पडताळणीत शिपाई, स्वयंपाकी, व्हॅनचालक आणि कंत्राटी क्रीडा प्रशिक्षक यांची नावं राहून जातात. पुढच्या बैठकीत हजेरीपट नव्हे, शाळेच्या आवारात येणाऱ्या प्रत्येकाची यादी मागा आणि एकेका नावापुढे पोलिसांचा दाखला आहे का ते स्वतः बघा.